गारा, भूकंप आणि शिजणारे पदार्थ : ॲरिस्टॉटलच्या ‘मीटिओरोलॉजिका’ची लोब आवृत्ती

पाऊस का पडतो, समुद्र खारट का असतो, जमीन का हादरते, एखादी वस्तू उष्णतेने वितळते आणि दुसरी त्याच उष्णतेने कडक का होते, या प्रश्नांची उत्तरे प्राचीन ग्रीकांनी कशी शोधली हे दुसऱ्याच्या सारांशातून न वाचता मुळातून वाचायचे असेल, तर ॲरिस्टॉटलच्या (इ.स.पू. ३८४–३२२) ‘मीटिओरोलॉजिका’ या ग्रंथाकडे वळावेच लागते. मी ज्या आवृत्तीविषयी लिहितो आहे ती हार्वर्ड विद्यापीठाच्या लोब ग्रंथमालेतील ३९७ क्रमांकाची, एच. डी. पी. ली यांनी इंग्रजीत अनुवादित केलेली आणि १९५२ साली प्रथम प्रसिद्ध झालेली आवृत्ती आहे. या मालेतील ग्रीक पुस्तके हिरव्या बांधणीत आणि लॅटिन पुस्तके लाल बांधणीत येतात. त्यामुळे हे पुस्तक हिरवे, ओंजळीत मावेल एवढे छोटे आणि डाव्या पानावर मूळ ग्रीक व उजव्या पानावर इंग्रजी अशा मांडणीचे आहे. ग्रीक न येणाऱ्या वाचकालाही डावे पान निरुपयोगी ठरत नाही, आणि चौथ्या भागात तर ते फारच उपयोगी पडते. त्याचे कारण पुढे येईल.

नावावरून हे केवळ हवामानाचे पुस्तक असावे असे वाटते, पण ‘मीटिओरा’ म्हणजे वर, अधांतरी असलेल्या गोष्टी. या एका शब्दाखाली ॲरिस्टॉटलने धूमकेतू, आकाशगंगा, दव, हिम, गारा, नद्या, समुद्र, वारे, भूकंप, मेघगर्जना, इंद्रधनुष्य आणि जमिनीत तयार होणारे धातू एवढा पसारा घेतला आहे. पहिले तीन भाग या विषयांचे आहेत आणि चौथा भाग पदार्थांच्या गुणधर्मांचा आहे. पसारा मोठा असला तरी त्याला जोडणारा धागा एकच आहे. सूर्याच्या उष्णतेने पृथ्वीवरून दोन प्रकारचे उत्सर्जन होते, एक पाण्यातून निघणारी ओली वाफ आणि दुसरा खुद्द जमिनीतून निघणारा कोरडा, धुरासारखा वायू. ओल्या वाफेपासून ढग, पाऊस, दव आणि हिम. कोरड्या धुरापासून वारा, वीज, भूकंप आणि धूमकेतूसुद्धा. एवढ्या भांडवलावर त्याने पृथ्वीपासून चंद्राच्या खालपर्यंतचे सगळे जग समजावून सांगायचे ठरवले आणि शेवटपर्यंत तो त्या निश्चयाला चिकटून राहिला.

त्याचे बहुतेक निष्कर्ष चुकीचे आहेत, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. धूमकेतू हवेच्या वरच्या थरात पेटलेला धूर आहे असे तो सांगतो आणि आकाशगंगेचेही कारण तसेच देतो. टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १५७७ सालच्या धूमकेतूची मोजमापे घेऊन तो चंद्राच्या पलीकडे असल्याचे दाखवीपर्यंत युरोपात या मताचा दबदबा होता. वारा म्हणजे वाहणारी हवा, हे साधे आणि आज आपल्याला योग्य वाटणारे मत त्याच्यासमोर होते, पण ते त्याने स्पष्टपणे नाकारले. तरीही हे पुस्तक विकत घ्यावे, सावकाश वाचावे असे मी म्हणतो, कारण त्याच्या चुका डोळे मिटून केलेल्या नाहीत. प्रत्येक प्रकरणात आधी पूर्वसूरींची मते येतात, मग त्यांच्यावरचे आक्षेप, मग स्वतःचे मत आणि त्या मताला आधार देणारी पाहणी. ही पाहणी इतकी बारीक आहे की तिच्याच आधाराने आज आपण त्याचे मत खोडून काढू शकतो.

पहिल्या भागाच्या बाराव्या अध्यायातील गारांची चर्चा हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ॲरिस्टॉटल सुरुवातीलाच अडचण मांडतो : गार म्हणजे बर्फ, आणि पाणी गोठते ते हिवाळ्यात, पण गारा पडतात त्या मुख्यतः वसंतात आणि शरदात, कडाक्याच्या थंडीत क्वचितच. मराठवाड्यात किंवा विदर्भात ज्याने हरभरा आणि गहू काढणीला आलेला असताना गारपीट पाहिली आहे, २०१४ सालचे फेब्रुवारी-मार्च महिने ज्याच्या लक्षात आहेत, त्याला हा प्रश्न किती खरा आहे हे सांगायला नको. आपल्याकडेही गारा येतात त्या ऊन तापू लागल्यावर. ॲनॅक्सॅगोरस या त्याच्या आधीच्या ग्रीक तत्त्वज्ञाने याचे उत्तर असे दिले होते की उष्णतेच्या दिवसांत ढग उंच ढकलला जातो आणि तिथल्या थंडीत त्यातले पाणी गोठते. आजच्या हवामानशास्त्राच्या हे उत्तर पुष्कळ जवळ आहे, कारण तापलेल्या जमिनीवरून जोराने वर चढणारे हवेचे झोत पाण्याचे थेंब जिथे पाणी गोठते त्या उंचीच्या वर नेतात आणि तिथे गार वाढत जाते. ॲरिस्टॉटलला मात्र ते पटले नाही. उंच डोंगरांवर गारा कमी पडतात, शिवाय मोठ्या गारा गोल नसून ओबडधोबड असतात, म्हणजे त्या फार दुरून घासत आलेल्या नाहीत, असे आक्षेप त्याने घेतले. त्याचे स्वतःचे उत्तर असे की बाहेरच्या उष्णतेने चहूकडून कोंडी झाली की थंडी आत एकवटते आणि पाणी झटकन गोठवते. अरबस्तानात आणि इथिओपियात पाऊस उन्हाळ्यात, एकाच दिवशी अनेकदा आणि धो धो पडतो, त्याचेही कारण तो हेच देतो.

इथेच तो काळ्या समुद्राकाठच्या लोकांची एक गोष्ट सांगतो आणि माझ्या मते संपूर्ण पुस्तकातली ती सर्वांत जिवंत ओळ आहे. हे लोक बर्फावर राहुट्या ठोकतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि आपल्या बोरूच्या काठ्या घट्ट बसाव्यात म्हणून त्यांच्याभोवती गरम पाणी ओततात, कारण गरम पाणी लवकर गोठते. शिसे ओतून खांब पक्का करावा तसा ते बर्फाचा उपयोग करतात. टांझानियातील एरास्तो म्पेम्बा या शाळकरी मुलाला १९६३ साली आइस्क्रीमचे गरम मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठलेले दिसले. त्याने आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑसबोर्न यांनी १९६९ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला आणि हा परिणाम केव्हा दिसतो व का, यावर भौतिकशास्त्रज्ञ अजूनही वाद घालत आहेत. ॲरिस्टॉटलचे कारण टिकले नाही, पण मासेमारांच्या हातातली किटली त्याने पाहिली किंवा ऐकली आणि नोंदवून ठेवली, म्हणून तेवीस शतकांनंतर आपण त्यावर बोलू शकतो.

नद्यांच्या प्रकरणात जगातल्या मोठ्या नद्या मोठ्या पर्वतांतून निघतात हे दाखवताना तो पूर्वेकडच्या पर्वतातून निघणाऱ्या सिंधूचा उल्लेख ‘सर्व नद्यांमध्ये मोठी’ असा करतो. त्याच्या पुढचा अध्याय, पहिल्या भागाचा चौदावा, कोणी वगळू नये. जमीन आणि समुद्र यांच्या जागा बदलत राहतात, आज जिथे कोरडे आहे तिथे पूर्वी पाणी होते, पण हे बदल माणसाच्या आयुष्याच्या मानाने इतके संथ असतात की त्यांची आठवण राहण्याआधीच राष्ट्रेच्या राष्ट्रे नष्ट होतात, असे तो तिथे लिहितो. पुरावा म्हणून त्याने नाईलच्या गाळाने घडलेला इजिप्त दिला आहे आणि ग्रीसमधली शेजारशेजारची आर्गोस व मायसीनीही. ट्रोजन युद्धाच्या काळी आर्गोसची जमीन दलदलीची होती आणि मायसीनीची सुपीक. त्याच्या काळापर्यंत आर्गोस लागवडीखाली आले आणि मायसीनी कोरडी पडली. एका गावाच्या शिवारावरून पृथ्वीच्या काळाचा अंदाज बांधणारी ही दृष्टी मला त्याच्या धूमकेतूंपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

दुसऱ्या भागात समुद्राच्या खारटपणावर तीन अध्याय आहेत. समुद्र म्हणजे पृथ्वीला आलेला घाम, असे एम्पेडॉक्लिस या ग्रीक तत्त्वज्ञ-कवीने म्हटले होते. कवितेला हे ठीक आहे, पण वस्तू समजून घ्यायला पुरेसे नाही, असे ॲरिस्टॉटल बजावतो. शास्त्रात उपमा कुठे थांबावी हे इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. पुढे तो प्रयोगाचा आधार देतो : खारे पाणी वाफ होऊन पुन्हा पाणी झाले की गोडे होते, हे आम्ही करून पाहिले आहे. हे खरेच आहे. मात्र लगेच मेणाच्या भांड्याचा प्रयोग येतो. तोंड बंद केलेले मेणाचे भांडे समुद्रात बुडवून ठेवले की भिंतींतून झिरपून आत आलेले पाणी गोडे असते, असे तो तितक्याच खात्रीने सांगतो आणि ते खोटे आहे. खारट पाणी जड असते हे पटवण्यासाठी तो नदीत बुडू पाहणारी आणि समुद्रात नीट तरंगणारी भरलेली गलबते, मिठाच्या दाट पाण्यात तरंगणारी अंडी आणि हातपाय बांधून टाकलेला माणूसही ज्यात बुडत नाही असे पॅलेस्टाईनमधले सरोवर, अशी एकापाठोपाठ एक उदाहरणे देतो. ली यांच्या आवृत्तीत प्रत्येक अध्यायाच्या आरंभी युक्तिवादाचा थोडक्यात सारांश दिलेला आहे, त्याचा खरा उपयोग अशा गर्दीच्या अध्यायांत होतो. उदाहरणांच्या मागे धावताना मूळ मुद्दा हातून सुटला, तर दोन पाने मागे जाऊन तो पुन्हा पकडता येतो.

भूकंपांची कारणे सांगताना जमिनीत कोंडलेल्या वाऱ्याची कल्पना येते, ती आज कोणी स्वीकारणार नाही. पण मोठ्या धक्क्यानंतर सुमारे ४० दिवस लहान धक्के येत राहतात आणि पुढे एकदोन वर्षे त्याच ठिकाणी चाहूल लागत राहते, ही नोंद कोयनेच्या खोऱ्यातील वाचकाला ओळखीची वाटेल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथल्या लोकांनी लहान धक्क्यांची सवय करून घेतली आहे. इटलीजवळच्या लिपारी बेटांपैकी हिएरा या बेटावर जमीन आधी टेकडीसारखी फुगली, मग मोठ्या आवाजाने फुटली आणि बाहेर पडलेल्या राखेने लिपारा शहर झाकून टाकले, हे वर्णनही याच प्रकरणात आहे आणि ज्वालामुखीच्या वर्णनांमध्ये ते आजही उठून दिसते.

मेघगर्जनेचा अध्याय छोटा आहे, पण त्यात एक चित्र आहे. ॲरिस्टॉटलच्या मते वीज गडगडाटानंतर चमकते आणि तरीही आपल्याला आधी दिसते, कारण दृष्टी श्रवणापेक्षा जलद असते. दाखला तो युद्धनौकेच्या वल्ह्यांचा देतो : नावाडी वल्हे पाण्यातून उचलून पुन्हा मागे घेत असतात तेव्हा कुठे पहिल्या फटकाऱ्याचा आवाज काठावरच्या माणसाला ऐकू येतो. विजेचा आणि गडगडाटाचा क्रम त्याने उलटा लावला, पण ध्वनी मागून येतो हे किनाऱ्यावर उभे राहून त्याने नेमके टिपले. इंद्रधनुष्याच्या भागातही असेच आहे. भूमिती कठीण आहे आणि पुस्तकातल्या आकृत्या पाहूनही एकदोनदा वाचावी लागते. पण दिव्याच्या उजेडात भरतकाम करणाऱ्यांची रंगांच्या निवडीत चूक होते, कारण शेजारच्या रंगाने रंगाचे रूप बदलते, हे वाक्य वाचताना ती भूमिती का हवी होती ते समजते. चंद्राच्या प्रकाशातले इंद्रधनुष्य पन्नासहून अधिक वर्षांत फक्त दोनदा आढळल्याचीही नोंद त्याने केली आहे. इतक्या दुर्मीळ गोष्टीचा हिशेब कोणी तरी ठेवत होते.

आता चौथ्या भागाकडे येतो, कारण या आवृत्तीविषयी माझे खरे म्हणणे तिथेच आहे. हा भाग ॲरिस्टॉटलचा नसून त्याच्या शाळेचा नंतरच्या काळातला एक प्रमुख स्ट्रॅटो याचा असावा, असा एक पक्ष विसाव्या शतकात मांडला गेला. ली यांची प्रस्तावना या वादाची कल्पना देते. आज बहुतेक अभ्यासक तो ॲरिस्टॉटलचाच मानतात. लेखक कोणीही असो, इथे आकाश संपते आणि स्वयंपाकघर, कुंभाराचा आवा आणि लोहाराची भट्टी सुरू होते. उष्ण आणि थंड हे करणारे गुण, ओले आणि कोरडे हे सोसणारे गुण, आणि या चौघांच्या व्यवहारातून पदार्थ घट्ट होतात, वितळतात, वाकतात, तुटतात, जळतात. वितळणारा–न वितळणारा, वाकणारा–न वाकणारा, ठोकून पसरणारा–न पसरणारा, अशा गुणांच्या १८ जोड्या तो देतो आणि मग लोकर, हाडे, मेण, मध, लोखंड, दूध, रक्त यांना एकेक करून त्या तपासणीतून काढतो.

या भागाचा मध्यवर्ती शब्द ‘पेप्सिस’ आहे. ली त्याचे भाषांतर ‘कॉन्कॉक्शन’ असे करतात, आणि इंग्रजीतला हा शब्द विद्वानांचा आहे. स्वयंपाकघरात, शेतात किंवा वैद्याच्या पडवीत तो ऐकू येत नाही. ॲरिस्टॉटल पेप्सिसचे तीन प्रकार सांगतो : पिकणे, शिजणे आणि भाजणे. त्यांची अपुरी रूपेही देतो, कच्चे राहणे, अर्धेकच्चे शिजणे आणि करपणे. फळ पिकते त्याला तो पेप्सिस म्हणतो, अन्न पोटात पचते त्यालाही, आणि गळू पिकते त्यालाही. इंग्रजी वाचकाला इथे तळटीप लागते, मराठी वाचकाला लागत नाही. आपण आंबा पिकला म्हणतो, गळू पिकले म्हणतो, जेवण पचले म्हणतो, साखरेचा पाक म्हणतो, स्वयंपाक म्हणतो, आणि या सगळ्या शब्दांच्या मुळाशी असलेला संस्कृत धातू ‘पच्’ हा ग्रीक ‘पेप्सिस’च्या मूळ क्रियापदाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच आदिम भाषेतून आलेले आहेत. म्हणून डाव्या पानावर ‘पेप्सिस’ दिसेल तिथे उजव्या पानावरचा शब्द सोडून मनात ‘पाक’ म्हणावे, अध्याय आपोआप उलगडतो. आपल्याकडच्या वैशेषिक आणि न्याय या दर्शनांच्या पंडितांनी कच्चा घडा आव्यात भाजल्यावर लाल कसा होतो यावर ‘पीलुपाक’ आणि ‘पिठरपाक’ या नावांनी वाद घातला, बदल अणूत होतो की अख्ख्या घड्यात, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रीक आणि भारतीय, दोन्ही परंपरांनी भट्टीसमोर बसून एकाच मुळाचा शब्द उचलला, याचा मला मनापासून आनंद होतो.

या अध्यायांतले निरीक्षण हाताने काम करणाऱ्या माणसाचे आहे. उकडलेले मांस भाजलेल्यापेक्षा कोरडे असते, हे तो सांगतो आणि कारणही देतो. रक्तातले तंतू काढून टाकले तर रक्त गोठत नाही, हे त्याला माहीत आहे. लोखंड पुन्हा पुन्हा तापवून मळ खाली बसवला की पोलाद होते, हेही. थंडीने जे गोठते ते उष्णतेने सुटते, असा नियम तो घालून देतो आणि मग स्वतःच तेलापाशी अडखळतो, कारण ऑलिव्हचे तेल थंडीनेही दाटते आणि उष्णतेनेही. पाण्याचे असते तर फक्त थंडीने दाटले असते, मातीचे असते तर फक्त आचेने. शेवटी तेलात हवा भरलेली आहे, म्हणून ते पाण्यावर तरंगते, असा मार्ग तो काढतो. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली पांढरी आणि घट्ट झाली की आपण ती उन्हात ठेवतो. त्याच बाटलीपाशी बसून हा अध्याय वाचला, तर तेलाने त्याला का छळले ते कळते आणि नियमाला अपवाद सापडल्यावर तो लपवत नाही याचेही मोल कळते. ग्रीसमधल्या आर्केडियात कातडी पखालींतला द्राक्षरस धुराने इतका वाळतो की तो खरवडून प्यावा लागतो, असा तपशीलही इथेच मिळतो.

ली यांच्या अनुवादाविषयी माझे मत चांगले आहे. वाक्ये स्वच्छ आहेत, ॲरिस्टॉटलचा तुटक, टिपणवजा बाज त्यांनी फार गुळगुळीत केलेला नाही, आणि समासात मानक पृष्ठक्रमांक असल्याने दुसऱ्या कोणत्याही अभ्यासाशी ताडून पाहता येते. तळटिपा मात्र १९५२ च्या आहेत आणि चौथ्या भागावर त्यानंतर पुष्कळ काम झाले आहे, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्यात. केवळ मजकूर हवा असेल तर ई. डब्ल्यू. वेबस्टर यांचे १९२३ सालचे भाषांतर इंटरनेटवर मोफत वाचायला मिळते आणि तेही विश्वासार्ह आहे. पण त्यात ग्रीक पान नाही, आणि ‘पेप्सिस’ डोळ्यांसमोर दिसण्यासाठी मला ते पान हवे आहे. लोब माला २०१४ पासून वर्गणीवर ऑनलाइनही उपलब्ध आहे. ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती घेतली असेल, तिथल्या विद्यार्थ्यांनी छापील प्रत विकत घेण्याआधी ती उघडून पाहावी.

प्रथमच वाचणाऱ्याने पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. आरंभीचे धूमकेतूंचे अध्याय कोरडे आहेत आणि तिथे बरेच वाचक पुस्तक मिटतात. गारांच्या बाराव्या अध्यायापासून सुरुवात करावी, तिथून चौदाव्यावर जावे, मग दुसऱ्या भागातील समुद्राचे अध्याय आणि वल्ह्यांचा दाखला, आणि तिथून सरळ चौथा भाग, पहिल्या अध्यायापासून, शेजारी एखादे मराठी स्वयंपाकाचे पुस्तक उघडे ठेवून. धूमकेतू आणि इंद्रधनुष्याची भूमिती दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावी.